पाठीवरचे बिऱ्हाड : नांदेड-लातूरच्या कमी खर्चाच्या प्रवासाचा इतिहास

गोदावरी, मांजरा, तेरणा, मन्याड आणि पैनगंगा या नद्यांच्या काठांवर पसरलेला नांदेड-लातूरचा मुलूख शेकडो वर्षे वाटसरूंचा मुलूख राहिला आहे. उत्तरेकडून दक्षिणेत उतरणारे रस्ते इथून गेले, पंढरपूर, तुळजापूर, माहूर आणि परळीच्या वाटा इथून फुटल्या, आणि पंजाबहून निघालेल्या शीख यात्रेकरूंची वाट इथेच येऊन संपली. या वाटांवर सरदारांचे मेणे आणि सावकारांच्या गाड्या धावल्या, पण त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त माणसे पायी चालली. त्यांच्या खांद्यावर घोंगडी असे, पडशीत दशम्या असत आणि कमरेला चार पैसे असत. कोणाच्या बंदोबस्ताविना आणि फारशा खर्चाविना प्रवास करणारी ही माणसे अन्न, पाणी, निवारा आणि वाहन या गोष्टी कशा मिळवत, आणि काळानुसार त्या व्यवस्था कशा बदलत गेल्या, हा या प्रदेशाच्या सामाजिक इतिहासाचा महत्त्वाचा भाग आहे.

प्राचीन मार्ग आणि पहिले वाटसरू

या भागातील सर्वांत जुन्या मार्गांची साक्ष लातूरच्या पश्चिमेला असलेले तेर देते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत तेरचा उल्लेख ‘तगर’ या नावाने येतो. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणपासून तगर पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, असे अंतर त्यात दिले आहे. अंतर दिवसांत मोजण्याची ही रीत मराठवाड्यात पुढेही टिकली. ‘चार मुक्कामांची वाट’ असे सांगितले की प्रवाशाला किती भाकरी बांधायच्या ते कळत असे.

या मार्गांच्या आसपास लेणी, मंदिरे आणि बारवा उभ्या राहिल्या. औसा तालुक्यातील खरोसा येथील लेणी, निलंग्याचे नीलकंठेश्वर मंदिर, देगलूरजवळील होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे, राष्ट्रकूट काळात भरभराटीला आलेले कंधार ही त्यांची उदाहरणे. मंदिराचा सभामंडप हा देवाच्या उत्सवासाठी असला तरी रात्री तो वाटसरूचा निवारा होई. पायऱ्यांच्या बारवेत उतरून कोणीही हाताने पाणी घेऊ शके, दोर-पोहरा बाळगावा लागत नसे. उन्हाळा कडक आणि नद्या आटणाऱ्या या प्रदेशात पायी प्रवासाची पहिली अट पाणी हीच होती. म्हणून जुन्या वाटांचा माग बारवांच्या जागांवरून लावता येतो.

तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी प्रवासाला साधनेचे रूप दिले. ‘लीळाचरित्रा’च्या ‘एकांक’ या भागात त्यांच्या एकट्याने केलेल्या भ्रमंतीच्या लीळा आहेत. महानुभाव पंथाने आपल्या साधकांना सतत फिरत राहण्याचा, एका जागी गुंतून न पडण्याचा आणि भिक्षेवर निर्वाह करण्याचा आचार घालून दिला. पंथातील ‘स्थानपोथी’ हा ग्रंथ या दृष्टीने विशेष आहे. चक्रधर ज्या गावांत, ज्या देवळांत राहिले, ती ठिकाणे नेमकी कुठे आहेत हे त्यात नोंदवून ठेवले आहे. मागाहून येणाऱ्या भक्ताला ती जागा सापडावी, हा त्यामागचा हेतू. मराठीत प्रवाशाच्या हाती देता येईल असे स्थळवर्णन लिहिण्याची सुरुवात अशी पंथाच्या गरजेतून झाली.

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे माहूर या भ्रमंतीच्या परंपरेत केंद्रस्थानी आहे. रेणुकामातेचे साडेतीन पीठांपैकी एक पीठ, दत्तशिखर, अनसूयेचे शिखर आणि किल्ला यांमुळे तिथे शाक्त, दत्तभक्त, महानुभाव आणि गोसावी अशा सर्वांची ये-जा राहिली. दत्तात्रेय काशीला स्नान करतात, कोल्हापूरला भिक्षा मागतात आणि निद्रेला माहूरला येतात, अशी श्रद्धा आहे. श्रावणी पौर्णिमेला होणाऱ्या माहूरच्या परिक्रमेत आजही हजारो लोक डोंगरवाटांनी पायी फिरतात.

नरसी ते घुमान, पंजाब ते नांदेड

नांदेडच्या शेजारी, आजच्या हिंगोली जिल्ह्यात, नरसी हे संत नामदेवांचे गाव म्हणून ओळखले जाते. नामदेवांनी उत्तर भारताचा दीर्घ प्रवास केला. पंजाबमधील घुमान येथे त्यांचे स्थान आहे आणि त्यांची पदे गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट आहेत. 2015 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले ते याच नात्याने. राजाश्रय नसलेला, कीर्तनावर आणि लोकांनी वाढलेल्या अन्नावर चाललेला हा प्रवास होता.

नामदेवांनंतर चार शतकांनी त्याच वाटेने उलटा प्रवास झाला. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंग मुघल बादशहा बहादूरशहाच्या छावणीबरोबर दक्षिणेत आले आणि नांदेडला थांबले. गोदावरीकाठी राहणारा माधोदास बैरागी त्यांना इथेच भेटला आणि बंदासिंग बहादूर म्हणून पुढे पंजाबात गेला. ऑक्टोबर 1708 मध्ये गुरूंनी नांदेडला देह ठेवला आणि गुरू ग्रंथ साहिबाला गुरुपद दिले. त्या स्थानावर महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात गुरुद्वारा बांधवला. शिखांच्या पाच तख्तांपैकी एक असलेले हे हुजूर साहिब पंजाबपासून दोन हजार किलोमीटरवर आहे. तेव्हा रेल्वे नव्हती. यात्रेकरू जथ्यांनी, बैलगाड्यांतून किंवा पायी, महिनोन्‌महिने चालून येत.

या यात्रेकरूंना नांदेडला पोहोचल्यावर जी व्यवस्था मिळाली तिने शहराचे स्वरूपच बदलले. लंगरमध्ये, म्हणजे गुरुद्वाऱ्याच्या मोफत पंगतीत, जेवणाऱ्याची जात, धर्म किंवा ऐपत विचारली जात नाही. सर्व एका पंगतीत जमिनीवर बसतात, तीच डाळ, तीच रोटी सर्वांना मिळते. सराईत राहण्याला मोबदला नसे किंवा तो नाममात्र असे. नगिना घाट, हिरा घाट, शिकार घाट, संगत साहिब, माता साहिब आणि मालटेकडी अशा गुरुद्वारांची साखळी शहराभोवती आहे आणि यात्रेकरू ती सगळी करतात. पुढे अनेक जण बिदरच्या नानक झिरा साहिबला जातात. त्यामुळे नांदेड-देगलूर-बिदर हा रस्ता पंजाबी यात्रेकरूंच्या पायाखालचा झाला.

परदेशी प्रवाशांच्या नजरेतून

पंधराव्या शतकात रशियातील त्वेर शहराचा व्यापारी अफानासी निकितीन चौल, जुन्नर या मार्गाने बहमनींच्या राजधानीत, बिदरला पोहोचला. बिदर हे उदगीर-निलंगा भागाला लागूनच आहे. निकितीनचा माल वाटेत, कॅस्पियन समुद्राच्या आधीच, लुटला गेला होता. हिंदुस्थानात विकण्यासाठी एक घोडा एवढेच त्याचे भांडवल. तो घोडा जुन्नरच्या अधिकाऱ्याने काढून घेतला आणि खटपटीनंतर परत दिला, मग तो बिदरला विकला गेला. परमुलखातील व्यापारी इथे धर्मशाळांत उतरतात, अशी नोंद त्याने केली आहे. दख्खनचे हे वर्णन राजदूताचे नाही, हाती पैसा नसलेल्या माणसाचे आहे. म्हणूनच त्यात अन्न, भाव, उतरण्याच्या जागा आणि सामान्य लोकांची दैन्यावस्था यांची नोंद ठळक आहे.

सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए आणि थेव्हनो यांनी सुरत-औरंगाबाद-गोवळकोंडा या मार्गाचे टप्पे लिहून ठेवले. हा मार्ग नांदेडवरून गोदावरीच्या खोऱ्यातून जाई. दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे वणजाऱ्यांचे तांडे आपण पाहिले, असे ताव्हेर्निए लिहितो. धान्य आणि मीठ वाहणारे हे लमाण आपले घर बरोबर घेऊनच फिरत. त्यांच्या बैलांच्या खुरांनी पडलेल्या वाटा एकट्या-दुकट्या प्रवाशाला सोयीच्या होत, कारण तांड्याच्या सोबतीने चोरांचे भय कमी होई. किनवट-माहूर भागातील बंजारा तांडे आज स्थिरावले आहेत, पण त्यांचा इतिहास या मार्गांचा इतिहास आहे.

वारीची शिस्त

पायी आणि कमी खर्चाच्या प्रवासाची सर्वांत मोठी शाळा म्हणजे पंढरीची वारी. वारकरी दिवसाला साधारण 20 ते 25 किलोमीटर चालतो. या हिशेबाने लातूरकरांना पंढरपूर आठ-दहा दिवसांच्या वाटेवर आहे, नांदेडकरांना दोन आठवड्यांहून अधिक चालावे लागते. पेरण्या आटोपून आषाढीला आणि सुगीच्या तोंडावर कार्तिकीला निघायचे, अशी ही शेतीच्या वेळापत्रकाशी जुळलेली भ्रमंती.

दिंडीत खर्चाची वाटणी होते. प्रत्येक जण ठरलेली भिशी किंवा शिधा देतो, स्वयंपाक एकत्र होतो आणि ओझे पूर्वी बैलगाडीत, आता टेंपोत किंवा ट्रकमध्ये टाकले जाते. ज्याच्याजवळ काहीच नाही त्यालाही पंगतीत जागा असते. वाटेतली गावे ठरलेली असतात, त्या गावांत जेवण घालणारी घरेही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असतात. पंढरपुरात पोहोचल्यावर फडांचे मठ आसरा देतात. देगलूरकर महाराजांची परंपरा मूळची नांदेड जिल्ह्यातील देगलूरची. पंढरपुरातील त्यांच्या फडाने या भागातील वारकऱ्यांना हक्काचे ठिकाण दिले. याच धर्तीवर नांदेड-लातूरच्या लिंगायत समाजातील भाविक कार्तिकी पौर्णिमेला बीड जिल्ह्यातील कपिलधारला, मन्मथस्वामींच्या समाधीला, पायी जातात.

शिदोरीचेही शास्त्र होते. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवत, म्हणून ती सोवळ्यातही चाले आणि मऊही राही. ज्वारीच्या पिठात तिखट-मीठ घालून थापलेले धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि कांदा एवढ्यावर दोन-तीन दिवस निघत. त्यापुढे मुक्कामी तीन दगडांची चूल मांडायची किंवा माधुकरी मागायची. घोंगडी पावसात अंगावर, रात्री अंगाखाली आणि उन्हात डोक्यावर घेता येई. ओझे जितके कमी तितकी मजल लांब, हे वारकऱ्याला अनुभवाने ठाऊक होते.

यात्रा-जत्रांचे एक वेगळे जग लोहा तालुक्यातील माळेगावला उभे राहते. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास भरणाऱ्या खंडोबाच्या या यात्रेत घोडे, गाढवे, उंट आणि बैल यांचा मोठा बाजार भरतो. वर्षभर गावोगाव फिरणाऱ्या भटक्या जमातींसाठी हा एकत्र येण्याचा, सोयरिकी जुळवण्याचा आणि जातपंचायतीचे निवाडे करण्याचा मुक्काम होता. कंधारच्या हाजी सय्याह सरवर मगदूम यांच्या दर्ग्याच्या उरुसाला हिंदू-मुसलमान दोघेही येतात. लातूरच्या सिद्धेश्वराची यात्रा महाशिवरात्रीला भरते. अशा यात्रांच्या दिवसांत गावातली मंदिरे, मठ, शाळा आणि झाडांचे पार हेच उतरण्याचे ठिकाण असे.

धर्मशाळेचे दार सर्वांना उघडे नव्हते

धर्मशाळा, अन्नछत्र आणि पाणपोई या संस्था पुण्याच्या कल्पनेतून उभ्या राहिल्या. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. परळी वैजनाथाच्या जीर्णोद्धारामुळे त्यांचे नाव या भागाशीही जोडले गेले. गावोगावच्या व्यापाऱ्यांनी आणि जमीनदारांनी आपापल्या परीने तेच केले. धर्मशाळेत तीन दिवस राहता येई, भांडी मिळत, विहीर असे. चैत्र-वैशाखात रस्त्याकडेला माठ ठेवून पाणी पाजणे हे गरिबालाही जमणारे पुण्य होते.

परंतु ही व्यवस्था सर्वांसाठी नव्हती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या प्रवाशाला धर्मशाळेत जागा नसे, विहिरीला हात लावता येत नसे, पाणपोईवर ओंजळीत वरून पाणी ओतले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1934 मधील एक प्रसंग लिहून ठेवला आहे. वेरूळची लेणी पाहायला निघालेली त्यांची मंडळी वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी पोहोचली, तेव्हा सर्वांच्या अंगावर धूळ बसलेली होती. त्यांच्यापैकी काहींनी तिथल्या हौदाच्या पाण्याने तोंड-पाय धुतले. त्यावरून हौद बाटल्याचा आरडाओरडा झाला आणि दंगल व्हायची वेळ आली. शेवटी पाण्याला स्पर्श करायचा नाही या अटीवर, शिपाई बरोबर देऊन, त्यांना किल्ला दाखवण्यात आला. निजामी मराठवाड्यातला हा प्रसंग त्या काळच्या प्रवासाबद्दल मूलभूत गोष्ट सांगतो. खिशात पैसा असूनही ज्याला वाटेवर पाणी मिळत नाही, त्याला प्रवासाचे स्वातंत्र्य नाही.

गाडगेबाबांनी ही कोंडी ओळखली. स्वतः आयुष्यभर खापर आणि काठी घेऊन फिरणाऱ्या या संताने पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी दलित यात्रेकरूंसाठी बांधली आणि 1949 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. मराठवाड्यातून पंढरपूरला जाणाऱ्या दलित वारकऱ्याला त्यामुळे हक्काचे छप्पर मिळाले. लंगरची पंगत आणि चोखामेळा धर्मशाळा या दोन गोष्टींनी स्वस्त प्रवासाला समतेची जोड दिली.

निजामी राजवट : रेल्वे, नाके आणि दोन नाणी

रेल्वे आली आणि मुक्कामांत मोजले जाणारे अंतर तासांत मोजले जाऊ लागले. 1900 च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा सिकंदराबाद-मनमाड हा मीटरगेज मार्ग सुरू झाला आणि नांदेड एकीकडे हैदराबादला, दुसरीकडे मनमाडमार्गे मुंबई व उत्तर हिंदुस्थानाला जोडले गेले. पंजाबचे यात्रेकरू आता तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून येऊ लागले. नांदेडहून मुंबईच्या गिरण्यांकडे जाणारे मजूर, हैदराबादला शिकायला जाणारे विद्यार्थी, गोदावरीस्नानाला येणारे भाविक हे सगळे त्याच बाकांवर बसत.

लातूरची गाडी वेगळ्या वाटेने आली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी धावू लागली. अडीच फूट रुंदीच्या या छोट्या रुळांनी 1906 मध्ये पंढरपूर गाठले, 1911 मध्ये लातूर आणि 1927 मध्ये मिरज. कापूस, तेलबिया आणि डाळीचा व्यापार हे उत्पन्नाचे एक साधन, तर आषाढी-कार्तिकीची गर्दी हे दुसरे. लातूरहून निघालेला वारकरी एकाच छोट्या गाडीच्या जाळ्यातून थेट पंढरपुरात उतरू शके. ज्यांचे चालण्याचे वय संपले होते, ज्या लेकुरवाळ्या बायकांना पंधरवडा घर सोडता येत नव्हते, त्यांना या गाडीने पहिल्यांदा वारी घडवली. सोळा रस्ते येऊन मिळतात ती लातूरची गंजगोलाईची बाजारपेठही याच काळात वाढली.

मात्र या प्रवासात सरहद्द आडवी येई. बार्शी इंग्रजी मुलखात आणि लातूर निजामाच्या मुलखात होते. सीमेवर करोडगिरीच्या नाक्यावर सामान तपासले जाई, जकात घेतली जाई. नाणेही वेगळे होते. हैदराबाद संस्थानात हाली सिक्का चाले, बाहेर कलदार रुपया. साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार रुपये मिळत. पंढरपूरला निघालेल्या शेतकऱ्याला आधी पैसे बदलून घ्यावे लागत आणि त्या व्यवहारात त्याला बट्टा सोसावा लागे. मोजक्या पैशांत यात्रा करणाऱ्याला हा भार जाणवे.

1932 मध्ये निजामाच्या रेल्वेखात्याने 27 गाड्यांनिशी मोटार वाहतूक सुरू केली. रेल्वेखात्याच्या या गाड्यांमुळे स्थानकापासून दूर असलेल्या गावांपर्यंत सरकारी वाहतूक पोहोचण्याची वाट मोकळी झाली. सरकारी अधिकारी आणि पाहुण्यांसाठी मुसाफिर बंगले होते. सामान्य प्रवासी मात्र धर्मशाळेत, मशिदीच्या ओट्यावर, मठात किंवा नातलगाच्या घरीच उतरे. ओळखीच्या ओळखीने कोणाच्याही घरी मुक्काम करणे ही मराठवाड्याची रूढ रीत होती, आणि उंबऱ्यात आलेल्या पाहुण्याला तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा दिल्याशिवाय चौकशी होत नसे.

एस.टी. आणि गावागावांत पोहोचलेला प्रवास

17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. नाके गेले, नाणे एक झाले. विलीनीकरणाच्याच वर्षी, 1 जून 1948 रोजी, पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली होती. ही सेवा मराठवाड्यात विस्तारली तेव्हा पायी प्रवासाची गरज पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कमी झाली. बार्शी लाइट रेल्वे 1954 मध्ये सरकारने ताब्यात घेतली आणि ती मध्य रेल्वेचा भाग झाली.

एस.टी.ने कमी खर्चाच्या प्रवासाला स्वतःची शैली दिली. संध्याकाळी गावात येऊन रात्री तिथेच थांबणारी आणि पहाटे तालुक्याला निघणारी मुक्कामी गाडी आली. थांबा नसलेल्या ठिकाणीही प्रवाशाला घेणारी ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ योजना आली. माहूर, माळेगाव, तुळजापूर आणि पंढरपूरसाठी यात्रेच्या जादा गाड्या सुटू लागल्या. रात्र काढायला बसस्थानकाचा कट्टा आणि सकाळी नळाचे पाणी मिळू लागले. 1988 मध्ये महामंडळाने ‘आवडेल तेथे प्रवास’ ही पास योजना सुरू केली. चार किंवा सात दिवसांचा पास काढून राज्यात हवे तिथे फिरता येते. ज्याच्याजवळ सवड आहे पण गाडी नाही, अशा माणसासाठी हा पास म्हणजे भ्रमंतीचा परवानाच ठरला. ऑगस्ट 2022 मध्ये 75 वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आणि मार्च 2023 मध्ये सर्व महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास सुरू झाला. त्यानंतर आई-मावशी-शेजारीण मिळून तुळजापूर, माहूर किंवा परळी करून येणे सोपे झाले. सोबतीला पुरुष लागतोच, हा जुना समज यामुळे ढिला झाला.

रेल्वेतही मोठा बदल झाला. मनमाडकडून 1990 च्या दशकात रुंदीकरण सुरू झाले आणि मीटरगेजच्या जागी मोठी लाइन आली. 2003 मध्ये नांदेड हा दक्षिण मध्य रेल्वेचा स्वतंत्र विभाग झाला. लातूर-कुर्डुवाडी छोटी लाइन 2007-2008 मध्ये ब्रॉडगेज झाली. लातूर एक्सप्रेस, देवगिरी, नंदिग्राम आणि तपोवन या गाड्यांनी मुंबई एका रात्रीच्या किंवा एका दिवसाच्या अंतरावर आणली. नांदेड-अमृतसर सचखंड एक्सप्रेसने नामदेवांच्या आणि गुरू गोविंदसिंगांच्या वाटेला रूळ दिले. या गाडीतील प्रवाशांना वाटेतील स्थानकांवर सेवेकरी विनामूल्य लंगर देतात. ताट-वाटी बरोबर ठेवणे एवढेच प्रवाशाचे काम.

2008 मध्ये गुरुगद्दीचे त्रिशताब्दी वर्ष साजरे झाले. त्यानिमित्त नांदेडचे रस्ते, विमानतळ आणि यात्री निवास यांची मोठी कामे झाली. 2020 च्या टाळेबंदीत पंजाबचे हजारो यात्रेकरू नांदेडला अडकले. महिनाभराहून अधिक काळ गुरुद्वाऱ्याने त्यांना सांभाळले आणि एप्रिलअखेर बसगाड्यांनी ते परतू लागले. अनोळखी प्रवाशाला आसरा देण्याची तीनशे वर्षांची सवय त्या संकटात कामी आली.

आजच्या भ्रमंतीचे प्रकार

जगात पाठीवर पिशवी टाकून हिंडण्याची आधुनिक लाट युरोपातून आली. जर्मनीत विसाव्या शतकाच्या आरंभी तरुणांच्या पदभ्रमण मंडळांनी ती सुरू केली आणि शाळामास्तर रिचर्ड शिरमान यांनी 1912 मध्ये आल्तेना किल्ल्यात युवकांसाठी कायमस्वरूपी वसतिगृह उघडले. भारतात यूथ होस्टेल्स असोसिएशनची स्थापना 1949 मध्ये झाली. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी भटके मराठवाड्यात आले, पण ते अजिंठा-वेरूळसाठी औरंगाबादपर्यंत येऊन पुढे गोव्याकडे वळत. नांदेड-लातूरला ही लाट थेट लागली नाही. इथली स्वतंत्र भ्रमंती आपल्याच जुन्या मुळांवर वाढली.

तिचे आज ठळकपणे चार प्रकार दिसतात. पहिला पायी दिंडीचा, ज्यात आता सायकलवारीची भर पडली आहे. दुसरा नवरात्रातील ज्योतीचा. गावातील तरुण मंडळी टेंपो घेऊन तुळजापूर किंवा माहूरला जातात, तिथे ज्योत पेटवतात आणि आळीपाळीने धावत ती गावात आणतात. वर्गणीतून खर्च भागतो आणि वाटेतली गावे फराळ देतात. तिसरा दुर्ग आणि मंदिरे पाहणाऱ्यांचा. कंधार, माहूर, औसा आणि उदगीरचे किल्ले, खरोसा लेणी, होट्टल, पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा ही त्यांची ठिकाणे. लातूरहून औसा, खरोसा आणि निलंगा एस.टी.ने एका दिवसात होतात. 1760 मध्ये मराठ्यांनी निजामाचा पराभव केला ती उदगीरची भूमी पाहायला दुसरा दिवस पुरतो. चौथा प्रकार नर्मदा परिक्रमेसारख्या दीर्घ पदयात्रेचा. त्यात सदावर्त आणि आश्रमांच्या आधारे, जवळजवळ विनाखर्च, महिनोन्‌महिने चालण्याची जुनी पद्धत तशीच आहे.

या चारही प्रकारांचा खर्च कमी राहतो तो प्रवाशाच्या काटकसरीमुळे, पण त्याहून अधिक दुसऱ्यांनी उभारून ठेवलेल्या सोयींमुळे. बारव कोणीतरी बांधलेली असते, पंगत कोणीतरी वाढतो, गाडी तोट्यात असूनही खेड्यात मुक्कामाला जाते. नांदेड-लातूरचा इतिहास हेच सांगतो की गरीब माणसाचा प्रवास हा त्याच्या एकट्याच्या धाडसावर कधीच चालला नाही. आज अनेक बारवा गाळाने भरल्या आहेत, जुन्या धर्मशाळांच्या जागी दुकाने उभी राहिली आहेत आणि खेड्यांतील एस.टी.च्या फेऱ्या कमी होत आहेत. गाळ काढलेली बारव, उघडी धर्मशाळा आणि वेळेवर येणारी मुक्कामी गाडी या तीन गोष्टी राखणे हे ग्रामपंचायती, देवस्थाने आणि सरकार यांचे कर्तव्य आहे. त्या राहिल्या तर कमी पैशांत जग पाहण्याचा हक्क या मुलखातल्या पुढच्या पिढीलाही राहील.